मेंदूतलं चकाकतं कडं: पू, टीबी की ट्यूमर?

नागपूरच्या धंतोलीत, दवाखान्यांच्या गर्दीत, संध्याकाळच्या वेळी एखाद्या चहाटपरीपाशी पाच मिनिटं उभं राहिलं, की कोणीतरी एमआरआयची भलीमोठी फिल्म आभाळाकडे धरून पाहताना दिसतं. भोवती तीन-चार नातेवाईक. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, पलीकडून छिंदवाडा, बालाघाट. मेंदूचं काही निघालं की सगळ्यांची वाट नागपूरकडे वळते. फिल्ममधलं कोणाला काही कळत नसतं, पण एक पांढरं गोल कडं मात्र सगळ्यांना दिसलेलं असतं. सोबतच्या कागदावरची ओळ कोणीतरी अक्षर अक्षर लावून वाचत असतं: ‘रिंग एन्हान्सिंग लीजन’. त्यापुढे ट्यूबरक्युलोमा, अॅब्सेस, ग्लायोमा, मेटास्टेसिस. प्रत्येक नावाला एक प्रश्नचिन्ह.

साध्या भाषेत सांगायचं तर टीबीची गाठ, पुवाचं गळू, मेंदूतच उगवलेला ट्यूमर, किंवा शरीरात दुसरीकडे असलेल्या कॅन्सरचं मेंदूत येऊन बसलेलं पिल्लू. औषधाने बरा होणारा आजार आणि घर हादरवणारा आजार, दोन्ही एकाच ओळीत शेजारी शेजारी.

ही प्रश्नचिन्हं लिहिणाऱ्यांपैकी मी एक. बरीच वर्षं नागपुरात एमआरआय वाचतो. भंडाऱ्याकडच्या एका धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मोठा भाऊ एकदा कागद घेऊन थेट माझ्या खोलीत आला. ‘गाठ आहे म्हनता, पन कशाची ते कोनीच सांगत नाही जी. एवढी मोठी मशीन आहे, मंग प्रश्नचिन्ह काहून?’ धाकट्याला फिट आली होती. त्याआधी पंधरा दिवस त्याला शब्द सापडेनासे झाले होते. हातात विळा असायचा आणि तो त्याला ‘ते कापायचं’ म्हणायचा. ताप नव्हता. गावाकडे काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये कडं दिसलं होतं आणि घरातल्या कोणीतरी ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारून टाकला होता.

प्रश्न रास्त होता. मी तेव्हा घाईत दोन वाक्यांत उत्तर दिलं. ते पूर्ण उत्तर नव्हतं.

कडं नेमकं कशाचं

एमआरआयची मशीन म्हणजे एक प्रचंड चुंबक. रुग्णालयात नेहमी दिसणारी मशीन १.५ टेस्लाची असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. आपल्या शरीरात पाणी भरपूर, पाण्यात हायड्रोजन, आणि हायड्रोजनचं केंद्रक स्वतःच एक चिमुकलं चुंबक. मशीन त्यांना एका दिशेत उभं करते, रेडिओलहरींचा धक्का देते आणि ते पूर्ववत होताना जो संकेत सोडतात तो टिपते. म्हणजे एमआरआय हा मुळात पाण्याचा फोटो आहे. पाणी कुठे आहे, कसं अडकलंय, कशाच्या संगतीत आहे, याचा.

मग शिरेतून गॅडोलिनियम नावाचं औषध देतात, त्याला सगळे ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणतात. निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्या फार कडक असतात, हे औषध त्या बाहेर झिरपू देत नाहीत. जिथे आजाराने त्या सैल केल्या आहेत तिथे ते झिरपतं आणि ती जागा फिल्मवर पांढरी चमकते.

आता गळवाचं बघा. जंतू मेंदूत शिरले की पहिले काही दिवस नुसती सूज असते. शरीर त्यांना कोंडायला भोवती भिंत बांधू लागतं. ती पक्की व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. भिंतीत रक्त वाहतंय, म्हणून ती चमकते. आत नुसता पू, तिथे रक्त पोचत नाही, म्हणून आत काळोख. झालं कडं.

ट्यूमर दुसऱ्या वाटेने तिथेच येतो. ग्लायोब्लास्टोमासारखा दुष्ट ट्यूमर इतक्या वेगाने वाढतो की मधल्या पेशींना रक्त पुरत नाही आणि गाभा मरतो. काठ जिवंत, म्हणून चमकतो. आत काळोख. पुन्हा कडं.

नागपूरकराने संत्र्याचा दाखला दिला नाही तर लोक संशय घेतात, म्हणून देऊन टाकतो. कळमन्याच्या बाजारात ढिगातलं संत्रं हातात घेतलं की साल दिसते. आत रसाळ फोडी आहेत की पोचट, हे सालीचा रंग सांगत नाही. आपल्या कागदावरची ‘रिंग’ म्हणजे फक्त साल.

चूक झाली तर

गळू असेल तर न्यूरोसर्जन कवटीला छोटं भोक पाडून पू ओढून काढतात, तो प्रयोगशाळेत पाठवतात आणि सहा ते आठ आठवडे शिरेतून अँटिबायोटिक देतात. ट्यूमर असेल तर जमेल तेवढा कापून काढायचा, मग रेडिएशन, मग केमोच्या गोळ्या. टीबीची गाठ असेल तर एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, बहुधा नऊ महिने ते वर्षभर किंवा त्याहून जास्त.

या तिन्ही वाटा एकमेकींना सोयीच्या नाहीत. ट्यूमरभोवतीची सूज उतरवायला स्टेरॉइड सर्रास देतात. तेच स्टेरॉइड पुवाच्या गळवात डोळे मिटून दिलं तर शरीराची भिंत बांधायची ताकद कमी होते. म्हणून तिथे सूज जिवावर उठली असेल तरच आणि अँटिबायोटिकच्या सोबतीनेच ते देतात. लिम्फोमा नावाच्या मेंदूच्या कॅन्सरमध्ये तर वेगळीच गंमत. गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही. स्टेरॉइडने तो काही दिवस विरघळल्यासारखा होतो, बायोप्सीत काहीच सापडत नाही, आणि घरचे समजतात माणूस बरा झाला.

थांबून बघण्याचीही किंमत असते. गळवाची भिंत मेंदूच्या आतल्या पोकळीकडच्या बाजूला बहुधा पातळ असते. तिथून ते फुटलं तर पू मेंदूच्या पाण्यात मिसळतो, आणि तिथून माणूस परत आणणं फार कठीण असतं.

‘पण ताप नाही ना, मग इन्फेक्शन कसं?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो, कधीकधी डॉक्टरांकडूनही. मेंदूत गळू झालेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना ताप नसतो. डोकेदुखी, ताप आणि हातापायाची किंवा बोलण्याची कमजोरी ही पुस्तकातली तिन्ही लक्षणं एकत्र सापडतात ती पाचातल्या एखाद्याला. ताप नाही एवढ्यावरून गळू नाही असं म्हणता येत नाही.

पाण्याला चालून बघू द्या

इथून ‘अॅडव्हान्स’ एमआरआय सुरू होतो. यातलं सगळ्यात कामाचं तंत्र सगळ्यात साधंही आहे आणि मिनिटा-दोन मिनिटांत होतं. त्याचं नाव डिफ्युजन, कागदावर डीडब्ल्यूआय.

पाण्याचे कण कधी स्वस्थ बसत नाहीत, सारखे इकडेतिकडे भटकतात. हे तंत्र एवढंच विचारतं: ठरावीक क्षणात पाण्याचा कण किती लांब भटकू शकला?

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सीताबर्डीच्या मेन रोडवर संध्याकाळी सात वाजता चालून बघा. दोन पावलं टाकली की कोणाचा तरी खांदा, कोणाची तरी पिशवी. अर्ध्या तासात तुम्ही एका दुकानापासून पुढच्या दुकानापर्यंत पोचता. आता सभा-मेळावा काही नसताना सकाळी कस्तुरचंद पार्कात जा. वाट्टेल तिकडे, वाट्टेल तितकं हिंडा.

पू म्हणजे सीताबर्डी. त्यात मेलेल्या आणि लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जंतू, फुटलेली प्रथिनं असा सगळा गच्च चिकट काला असतो. पाण्याला हलायला जागा नाही, म्हणून डिफ्युजनच्या चित्रात गळवाचा गाभा दिव्यासारखा पेटलेला दिसतो. ट्यूमरचा मेलेला गाभा त्या मानाने पातळ असतो, पेशी विरघळून गेलेल्या. तो कस्तुरचंद पार्क. तिथे गाभा अंधारा राहतो.

आकड्यांची आवड असणाऱ्यांसाठी: शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्याची भटकंती ३ मानली तर निरोगी मेंदूत ती ०.८ च्या आसपास असते, घट्ट पुवात साधारण ०.५ ते ०.७, आणि ट्यूमरच्या मेलेल्या गाभ्यात बहुतेकदा १.५ च्या वर. या मोजमापाला एडीसी म्हणतात. डिफ्युजनचं चित्र आणि एडीसीचा नकाशा जोडीनेच बघायचा असतो. पहिल्यात पांढरं आणि दुसऱ्यात काळं असेल तरच पाणी खरोखर अडलेलं आहे. नुसतं पहिल्यात पांढरं म्हणजे कधीकधी जास्तीच्या पाण्याने केलेली फसवणूक.

जंतूंचं गळू की मेलेल्या गाभ्याचा ट्यूमर, एवढ्याच प्रश्नावर झालेले अभ्यास एकत्र पाहिले तर या एका तंत्राची अचूकता ९० टक्क्यांच्या वर जाते. कुठल्याही तपासणीसाठी हे उत्तम. पण प्रश्न ‘एवढाच’ क्वचित असतो.

‘रिपोर्टमध्ये रिस्ट्रिक्टेड डिफ्युजन लिहिलंय, म्हणजे पूच ना?’

नाही. पाणी इतरही कारणांनी अडतं. ताज्या लकव्यात अडतं. खरं तर हे तंत्र नावारूपाला आलं ते लकव्यामुळेच. लिम्फोमासारख्या गच्च पेशींच्या ट्यूमरमध्येही अडतं. गाभ्यात रक्त साकळलं असेल तर चित्र बिघडतं. फुप्फुस किंवा स्तनाच्या कॅन्सरची मेंदूत आलेली गाठही क्वचित गळवाचं सोंग हुबेहूब वठवते.

म्हणून ‘अडलं का’ याच्या बरोबरीने ‘कुठे अडलं’ हे पाहावं लागतं. कड्याच्या आत, मधोमध अडलं असेल तर पुवाकडे झुकायचं. कड्याच्या जाडीतच अडलं असेल तर पेशींची दाटी त्या भिंतीत आहे, म्हणजे ट्यूमरकडे झुकायचं. उलट दहा-बारा दिवस अँटिबायोटिक घेऊन आलेल्या रुग्णाचा पू पातळ होऊ लागलेला असतो आणि खऱ्या गळवातही गाभा तितका पेटत नाही. औषध कधी सुरू झालं हे सांगितलं नाही, तर वाचणारा हमखास फसतो.

करवतकाठी की दुहेरी काठ

दुसरं तंत्र एसडब्ल्यूआय. हे लोह, साकळलेलं रक्त आणि चुंबकाला खटकणाऱ्या गोष्टी काळ्या ठळक करून दाखवतं.

आपल्याकडची करवतकाठी साडी डोळ्यांसमोर आणा. काठाला करवतीसारखे दाते. ट्यूमरचं कडं या चित्रात बरंचसं तसं दिसतं: दातेरी, तुटक, मध्येच जाड मध्येच गायब, आणि आतही काळे ठिपके-रेघोट्या, कारण त्याच्या कच्च्या रक्तवाहिन्या ठिकठिकाणी फुटलेल्या असतात. गळवाचा काठ मात्र सरळ, अखंड आणि दुहेरी: बाहेरून काळी रेघ, तिला आतून चिकटून एक उजळ रेघ. २०१२ मध्ये तैवानच्या डॉक्टरांनी गळू आणि ग्लायोब्लास्टोमा यांची तुलना करताना ही खूण मांडली. दिसली की बरं वाटतं. मात्र ती दिसली नाही म्हणून गळू नाही, असं मी म्हणणार नाही.

नळ कोणी ओढला

तिसरं तंत्र परफ्युजन, म्हणजे त्या जागेत रक्त किती खेळतंय याचा हिशेब. कॉन्ट्रास्ट झपकन देतात आणि ते मेंदूतून जाताना सेकंदा-दीड सेकंदाला एक अशी चित्रं काढत राहतात.

शहराच्या कडेला अनधिकृत लेआउट पडतं तेव्हा काय होतं? घरं आधी, परवानगी नंतर, आणि पाण्याच्या लाइनी जिथून मिळतील तिथून ओढलेल्या. दुष्ट ट्यूमरही असंच करतो. स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतो, वाकड्यातिकड्या, गळक्या, पण भरपूर. म्हणून परफ्युजनच्या रंगीत नकाशावर त्याचं कडं लालभडक येतं. गळवाची भिंत म्हणजे पोलिसांची नाकाबंदी. तिथे वस्ती नाही, फक्त अडवणूक आहे; रक्त वाहतं, पण ट्यूमरइतकं नाही.

याच नकाशाचा आणखी एक उपयोग आहे. कड्याबाहेरच्या सुजेतही रक्त वाढलेलं दिसलं तर मेंदूतलाच ट्यूमर आसपास पसरत चाललाय असा अंदाज येतो. दुसरीकडून आलेल्या कॅन्सरची गाठ बहुधा कड्यातच थांबते आणि बाहेर नुसती सूज असते.

झाकण न उघडता वास

सावजीच्या हॉटेलसमोरून जाताना आत काय शिजतंय हे विचारावं लागत नाही. एमआर स्पेक्ट्रोस्कोपी हे असंच काम आहे: गाठीला हात न लावता तिच्यातल्या रसायनांचा वास घ्यायचा. मशीन ठरवलेल्या छोट्या चौकोनातल्या रसायनांचा आलेख काढते, प्रत्येकाचं टोक आपापल्या जागी.

निरोगी मेंदूत एनएए नावाचं टोक सगळ्यात उंच असतं, ती चेतापेशींची हजेरी. ट्यूमरमध्ये ते खाली येतं आणि कोलीन चढतं. पेशींची आवरणं धडाधड बनत-मोडत असल्याची ती खूण. पुवात वेगळाच मसाला. पांढऱ्या पेशींच्या पाचकरसांनी प्रथिनं फोडलेली असतात, म्हणून व्हॅलीन, ल्युसीन, आयसोल्युसीन या अमिनो आम्लांचं टोक येतं. ते ट्यूमरमध्ये सहसा येत नाही, म्हणून दिसलं की मोलाचं. सोबत ॲसिटेट आणि सक्सिनेट असतील तर बहुधा ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू आत आहेत. हेच जंतू पुवाला तो ओळखीचा घाण वासही देतात, तेव्हा वासाचा दाखला अगदीच अलंकारिक नाही. टीबीच्या गाठीत अमिनो आम्लं नसतात, नुसत्या चरबीचं उंच टोक असतं.

हे तंत्र मला आवडतं, पण त्याच्यावर माझा विश्वास डिफ्युजनइतका नाही. वेळ खातं, रुग्ण हलला की बिघडतं, गाठ लहान असली किंवा हाडाला चिकटून असली तर आलेख म्हणजे नुसतं गवत. आणि अँटिबायोटिक सुरू झालं की ती ठळक टोकंही मावळू लागतात. ‘स्पेक्ट्रोस्कोपी नॉर्मल आहे’ एवढ्यावर कोणी निर्धास्त होऊ नये.

टीबी, म्हणजे नियम मोडणारा पाहुणा

अमेरिकेतल्या पुस्तकात वरच्या चार तंत्रांवर धडा संपतो. आपला तिथे संपत नाही. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे, आणि मेंदूतली टीबीची गाठ विदर्भातल्या कुठल्याही रेडिओलॉजिस्टच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

ही गाठ वयाप्रमाणे रूप बदलते. सुरुवातीला भरीव असते. मग आतला भाग मरून पनीरसारखा घट्ट होतो. एमआरआयच्या टी-२ नावाच्या चित्रात पाणी उजळ दिसतं; इथे पाणी कमी असल्यामुळे हा भाग काळा दिसतो. हा काळा गाभा आमच्यासाठी मोठीच खूण, कारण गळू आणि ट्यूमर यांचे गाभे टी-२ मध्ये सहसा उजळ असतात. पण पुढे तेच पनीर पातळ होतं, गाभा उजळतो, कधी डिफ्युजनमध्येही पेटतो, आणि गाठ थेट गळवाच्या वेशात समोर येते. अशा वेळी मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर नावाचं एक जरा बाजूला पडलेलं तंत्र उपयोगी ठरतं. टीबीच्या गाठीची किनार त्यात कॉन्ट्रास्टशिवायही उठून दिसते. याच्यावरचं आणि पुवाच्या स्पेक्ट्रोस्कोपीवरचं बरंच मूळ काम लखनौच्या संजय गांधी संस्थेत झालं आहे. आजार आपला, तर अभ्यासही आपल्यालाच करावा लागतो.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी आधीच ऐकून ठेवलेली बरी. एकेटी सुरू केल्यावर काही रुग्णांत गाठ आधी मोठी होते. औषधाने जंतू मरतात, शरीर त्यांच्या अवशेषांवर जास्तच तुटून पडतं आणि सूज वाढते. दोन महिन्यांनी काढलेल्या एमआरआयमध्ये गाठ वाढलेली बघून ‘औषध लागू नाही, कॅन्सरच होता’ असा निष्कर्ष काढून एकेटी बंद केलेली माणसं मी पाहिली आहेत. बंद करण्याआधी त्यांनी डॉक्टरांना विचारायला हवं होतं.

बुरशीचं प्रकरण त्याहून बेरकी. २०२१च्या उन्हाळ्यात नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरचे, रुग्ण भरले होते. ते दिवस इथे कोणी विसरलेलं नाही. ही बुरशी नाकातून डोळ्यामागे आणि तिथून मेंदूत चढते, रक्तवाहिन्यांमध्ये शिरून त्या बंद करते. मेलेल्या भागात कॉन्ट्रास्ट पोचतच नाही, म्हणून नाकातली जी हाडं-पापुद्रे चमकायला हवेत ते काळे राहतात. बुरशीच्या गळवात मधला गाभा न पेटता काठाची आतली खडबडीत बाजू पेटू शकते. म्हणजे डिफ्युजनचा मघाचा नियम इथे उलटा वाचावा लागतो.

‘आम्ही तर शाकाहारी, डुकराचा किडा कसा?’

कड्याच्या यादीत एक नाव बहुतेकांना अपमानास्पद वाटतं: न्यूरोसिस्टिसरकोसिस. पट्टकृमीची अळी मेंदूत जाऊन बसणं. हा कृमी डुकराच्या मांसाशी जोडलेला आहे, म्हणून शाकाहारी घरात हा शब्द उच्चारला की वातावरण तापतं.

कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात लांबलचक कृमी वाढतो. मेंदूतली अळी मात्र त्या कृमीच्या अंड्यांपासून येते, आणि अंडी येतात कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. न धुतलेली पालेभाजी, शेतातलं घाण पाणी, स्वयंपाक करणाऱ्याचे हात, एवढं पुरतं. मांसाला आयुष्यात हात न लावलेल्या माणसालाही हे होतं आणि होत राहतं.

याचं कडं बहुधा दोन सेंटिमीटरहून लहान असतं. अळी जिवंत असताना बारीक कापाच्या चित्रांत पोकळीच्या आत तिच्या डोक्याचा ठिपका दिसतो. तो दिसला की वाद मिटला. आपल्या देशात एकेकाळी फिट आलेल्या आणि एकच छोटं कडं असलेल्या रुग्णांना सरसकट टीबीची औषधं दिली जात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी अशा गाठी काढून तपासल्या आणि त्यातल्या बहुतेक या अळीच्याच निघाल्या. त्यांनी पुढे घालून दिलेली दोन सेंटिमीटरची मोजपट्टी आजही वापरतात: त्याहून मोठी, वेडीवाकडी, मेंदू एका बाजूला ढकलणारी गाठ असेल तर टीबीकडे जास्त झुकायचं. छोटी कडी पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप विरून जातात.

‘मग सरळ तुकडाच का नाही काढत?’

बरेचदा काढावाच लागतो. शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा आणि प्रयोगशाळेचाच. पण मेंदूत सुई घालणं म्हणजे मानेवरची गाठ तपासणं नव्हे. रक्तस्रावाचा धोका थोडा असतो, शून्य नसतो, आणि बोलण्याच्या किंवा हात हलवण्याच्या केंद्राशेजारी तो थोडा धोकाही फार वाटतो. अळीचं छोटं कडं असेल तर सुईची गरजच नाही. एचआयव्ही असलेल्या रुग्णात टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची शंका असेल तर आधी औषध देऊन साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन काढून बघतात.

आणि सुई घालायचीच असेल तर कुठे घालायची? ट्यूमरच्या मेलेल्या गाभ्यातून तुकडा आला तर रिपोर्ट येतो ‘नेक्रोसिस’, म्हणजे मेलेलं मांस. एवढा जोखमीचा प्रवास करून हाती काही नाही. परफ्युजनच्या नकाशावर जिथे लाल आहे तिथे सुई गेली तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

३ टेस्लाचीच मशीन हवी का

या कामापुरतं बोलायचं तर नाही. डिफ्युजन, एसडब्ल्यूआय, परफ्युजन १.५ टेस्लावर व्यवस्थित होतात. स्पेक्ट्रोस्कोपी ३ टेस्लावर जास्त स्वच्छ येते, खरं. पण मोठी मशीन शोधत दोन दिवस घालवण्यापेक्षा जवळच्या मशीनवर योग्य चित्रं त्याच दिवशी काढलेली बरी. एमआरआयमध्ये एक्स-रेसारखं रेडिएशन नसतं, त्यामुळे पुन्हा काढण्याचं भय नको. किडनी खराब असेल तर मात्र कॉन्ट्रास्टआधी सांगा, आणि शरीरात पेसमेकर, क्लिप, छर्रा काहीही धातूचं असेल तर दारातच सांगा. सीटी स्कॅन वाया गेला असंही समजू नका. कानामागचं हाड कुरतडलंय का, गाठीत चुना साठलाय का, हे सीटीच चांगलं दाखवतो.

‘आता संगणकच वाचतो म्हणे,’ असंही ऐकू येतं. वाचेल, आणि काही बाबतींत माझ्यापेक्षा बरं वाचेल. पण तोही फॉर्मवर जे लिहिलंय तेवढंच वाचणार.

फॉर्मवरची रिकामी ओळ

एमआरआयच्या फॉर्मवर आजाराची माहिती लिहायला जागा असते. तिथे बहुधा दोन शब्द असतात: ‘फिट, डोकेदुखी’. खरं निदान कित्येकदा न लिहिलेल्या गोष्टींत लपलेलं असतं. दहा वर्षांपूर्वी टीबीची औषधं घेतली होती आणि मध्येच सोडली. गेल्या महिन्यात दाढेला फोड आला होता. सायनस सतत भरतो. जन्मापासून हृदयाला भोक आहे आणि ओठ निळे पडतात. अशा काही हृदयांत अशुद्ध रक्त फुप्फुसाची गाळणी चुकवून थेट मेंदूकडे जातं आणि जंतूंना वाट मिळते. एचआयव्ही आहे, पण जावयासमोर सांगायचं नाही. स्तनाचं ऑपरेशन झालंय, पण ‘त्याचा डोक्याशी काय संबंध?’

लपवणाऱ्यांना मी दोष देत नाही. टीबी आणि एचआयव्ही सांगण्याची किंमत गावात काय मोजावी लागते हे मला ठाऊक आहे. नातेवाइकांना बाहेर बसवून विचारण्याइतका वेळ आम्हीही काढत नाही. चित्रं फक्त शक्यता इकडून तिकडे सरकवतात, आणि सुरुवातीची शक्यता किती होती हे या ओळीवर ठरतं. टीबी होऊन गेलेल्या माणसाचं कडं आणि फुप्फुसाचा कॅन्सर असलेल्या माणसाचं कडं सारखंच दिसलं, तरी माझ्या रिपोर्टमध्ये नावांचा क्रम एक नसेल.

भंडाऱ्याच्या त्या शेतकऱ्याचं कडं डाव्या कानशिलाच्या आत होतं, शब्द जिथे राहतात त्या भागात. डिफ्युजनमध्ये गाभा पेटलेला, एसडब्ल्यूआयवर सरळ दुहेरी काठ, परफ्युजन थंड. प्रश्नचिन्हांपैकी तीन मी खोडली आणि मोठ्या भावाला विचारलं, ह्याचा कान कधी फुटला होता का? तो म्हणाला, ‘कान तर त्याचा लहानपनापासूनच वायते. कापूस घालते, तेल घालते. त्याचं काय सांगाचं?’

न्यूरोसर्जननी दुसऱ्या दिवशी भोक पाडून पू काढला. दीड महिना इंजेक्शनं चालली. ‘विळा’ हा शब्द तिसऱ्या आठवड्यात परत आला. कानामागचं सडलेलं हाड काढलं नसतं तर गळू पुन्हा भरलं असतं, म्हणून कानाच्या डॉक्टरांनी नंतर तेही ऑपरेशन केलं. फिटची गोळी अजून सुरू आहे.